करकंबकरांना शांता पाहिजे

"जरा हळू," लीलाबाई म्हणाल्या, आणि यज्ञेश्वररावांच्या हातातलं ताट गळून पडलं.

ताट स्टीलचं आणि फरशी शहाबादी. ताट आपटलं, कडेवर उभं राहिलं आणि गरगर फिरत स्वयंपाकघरभर हिंडलं. यज्ञेश्वररावांनी त्याच्यावर झडप घातली, ती चुकली, आणि कोपर लागून ओट्यावरची वाटीही खाली आली. आतल्या अंधाऱ्या खोलीत लीलाबाईंनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. यात यज्ञेश्वररावांचा दोष होता असं म्हणता येणार नाही. सव्वीस वर्षांच्या संसारात बायको त्यांच्याशी हळू आवाजात बोलण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि माणूस दचकतो.

लीलाबाई करकंबकर दहावीला गणित शिकवत. त्यांचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता, पण वर्गसमीकरणाचं सूत्र खाली सायकल स्टँडवरच्या वॉचमनलाही पाठ झालं होतं. घरी त्या हाका मारत तेव्हा जुळे सोलापूरच्या त्या गल्लीत तीन घरांतले नवरे 'आलो' म्हणत. यज्ञेश्वरराव पाटबंधारे खात्यात कारकून. ऑफिसात त्यांचा आवाज फारसा कुणी ऐकलेला नव्हता. चहा हवा असला तर ते एक बोट वर करत. घरात दोघांना पुरेल इतका आवाज आधीच असल्यामुळे त्यांना स्वतःचा असा वेगळा लागतच नव्हता.

शनिवारी सकाळी लीलाबाई ज्वारीच्या पिठाचा डबा काढायला वाकल्या आणि उठताना वरच्या कपाटाच्या उघड्या दारावर त्यांचं डोकं असं आपटलं, की शेजारच्या अक्षतानं भिंतीपलीकडून "काय पडलं ओ काकू?" म्हणून विचारलं. दार यज्ञेश्वररावांनी उघडं ठेवलं होतं. गेली सव्वीस वर्षं ते तसंच ठेवत. लीलाबाईंना उलटी झाली, चक्कर आली, वार आठवेना. मग रिक्षा, दवाखाना, स्कॅन. आत रक्त वगैरे काही नव्हतं, पण मेंदूला हादरा बसला होता. डॉक्टर प्रियदर्शनी लीलाबाईंच्या जुन्या विद्यार्थिनी, त्यामुळे त्यांनी सगळ्या सूचना उभं राहून दिल्या.

"बाई, पाच पायऱ्या आहेत. पहिली, नुसती विश्रांती. उजेड नको, मोबाइल नको, आवाज नको. दुसरीला थोडं वाचन. तिसरीला घरातलं हलकं काम. चौथीला अर्धा दिवस शाळा, पाचवीला पूर्ण. प्रत्येक पायरीवर दोन दिवस. डोकं दुखलं, गरगरलं, की एक पायरी खाली."

"म्हणजे सापशिडीच," यज्ञेश्वरराव म्हणाले.

"शिड्या नाहीत काका. नुसते साप."

लीलाबाईंनी डोळे मिटल्या मिटल्या हिशेब केला. सगळं नीट झालं तर पुढच्या सोमवारी वर्गात. दहावी 'ब'चा भूमितीचा एक धडा राहिला होता आणि बोर्डाची परीक्षा तोंडावर होती. "सोमवारी मला जायचंय," त्या कुजबुजल्या. स्वतःचा आवाजसुद्धा त्यांच्या कवटीत घण घालत होता.

यज्ञेश्वररावांनी पंधरा दिवसांची रजा टाकली आणि घर शांत करायला घेतलं. कुकर माळ्यावर गेला. मिक्सरला गोणपाटात गुंडाळलं. घड्याळाचा सेल काढला. गळक्या नळाखाली टॉवेल दुमडून ठेवला. दारावरची बेल तोडली आणि फाटकावर कागद लावला, 'बेल वाजवू नये'. त्या दिवसापासून येणारा प्रत्येक जण फाटक खडखडवून विचारू लागला, "बेल का वाजवू नये ओऽऽ?"

तरी दोन दिवस पार पडले. लीलाबाई दुसऱ्या पायरीवर आल्या. आणि त्याच दुपारी भिंतीपलीकडे गुरुशांतअण्णांनी टीव्ही लावला.

ही भिंत दोन्ही घरांना मिळून एकच. पलीकडे गुरुशांतअण्णा आणि त्यांची सून अक्षता राहत. मुलगा शिवयोगी पुण्याला नोकरीला, आठवड्याला यायचा. अण्णांनी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पस्तीस वर्षं काढली होती. पस्तीस वर्षं कानाशी माग चालले, आणि माग बंद झाले तेव्हा कानही बंद होते. माणूस अत्यंत प्रेमळ, पण कन्नड मालिका लावली की त्यातल्या सासूचं रडणं करकंबकरांच्या भांड्यांच्या मांडणीत घुमायचं. एरवी लीलाबाईंच्या आवाजात ते कधी जाणवलं नव्हतं. आता सासू रडली की लीलाबाई उशी डोक्यावर घेत.

यज्ञेश्वरराव पलीकडे गेले. अक्षता दळणाला गेली होती. अण्णा ओट्यावर आले, आणि त्यांच्या मागून टीव्हीचा आवाजही.

"अण्णा, जरा टीव्ही..."

"ऑ?"

"टीव्ही! बारीक करा!"

"बारीक झालो व्हय? न्हाय की, दोन किलो वाढलोय!"

यज्ञेश्वररावांनी इकडेतिकडे पाहिलं. मग त्यांनी आयुष्यात कधी काढला नव्हता तेवढा आवाज काढला. "लीलाच्या डोक्याला लागलंय!"

"बोका लागलाय? आमच्याकडं बी येतोय की त्यो! परवा सगळं दूध पिला बगा!"

"बोका नाही ओ, डोकं! डोकं!" त्यांनी स्वतःच्या टाळूवर चार थापा मारल्या. "तिला शांतता पाहिजे!"

अण्णांचा चेहरा उजळला. "शांता पायजे? आमची शांतव्वा? आदी सांगायचं न्हाय का! वैनीच हाय माजी, दुधनीला असती की!"

"शांता नाही! शांतताऽऽ! आम्हाला शांतता पाहिजे!"

"व्हय व्हय, कळलं! शांता पायजे!" अण्णा खणखणीत आवाजात म्हणाले, आणि समोरच्या गच्चीवर वाळवण घालणाऱ्या दोघी जणी काम थांबवून कठड्याशी आल्या. करकंबकर साहेबांना, बायको अंथरुणाला खिळलेली असताना, दुधनीची कुणी शांता पाहिजे आहे, हे चार वाजायच्या आत गल्लीच्या टोकापर्यंत पोहोचलं.

यज्ञेश्वरराव घामाघूम होऊन घरी आले. लीलाबाई उशीखालून कुजबुजल्या, "टीव्हीचं एक वेळ सोसलं असतं. तुम्ही नका ओरडू." आणि पुन्हा पहिली पायरी.

त्यानंतर त्यांनी लेखी मार्ग धरला. पाटबंधारे खात्यातला माणूस, मसुदा उत्तम उतरला. 'स.न.वि.वि., सौ. लीला यांच्या मेंदूस हादरा बसला असून आवाजाचा अतिशय त्रास होतो. तरी कृपया टीव्हीचा व बोलण्याचा आवाज कमी ठेवावा.' चिठ्ठी दाराखालून सरकवली आणि ते निश्चिंत मनानं भाकरी थापायला बसले.

पलीकडे अण्णांना चष्मा सापडला नाही. त्यांनी चिठ्ठी सुनेकडे दिली. सुनेनं ती मामांना ऐकू जावी म्हणून त्यांच्या कानाशी तोंड नेऊन वाचायला घेतली.

"सनविविऽऽ!"

"ऑ?"

"सनविविऽऽऽ, मामा! सौभाग्यवती लीला यांच्या! मेंदूस! हादरा!"

प्रत्येक शब्द दोनदा वाचावा लागला. 'आवाज कमी ठेवावा' हे तीनदा.

"अय्यो, बिचारी!" अण्णा भिंतीजवळ येऊन मोठ्यानं म्हणाले. "बाईऽऽ! काळजी करू नका! आता आमी अजिबात आवाज करत न्हाय! झोपाऽऽ!"

अक्षता लगेच पलीकडून आली. कानशिलापर्यंत लाल झाली होती. "काका, सॉरी ओ. ह्यांनी मागच्या वर्षी मामांना कानाचं मशीन आणलंय, चांगलं भारीतलं. मामा लावतच नाहीत. देवघरात ठेवलंय. दसऱ्याला त्याला हळदीकुंकू वाहतात."

"लावत का नाहीत?"

"म्हणतात, यंत्राला देवाजवळ मान असतो, कानात कुठं घालायचं? त्यांच्यापुढं बोलायचं धाडस फक्त मोठ्या सासूबाईंना होतं. त्या दुधनीला असतात."

मधे दोन दिवस बरे गेले. टीव्ही बंद राहिला. अण्णा खरोखर प्रयत्न करत होते. ते ओट्यावर चवड्यांवर चालत, आणि कुणी भेटलं की ओठांवर बोट ठेवून "शूऽऽ, बाई झोपल्यात!" असं गल्लीभर ऐकू जाईल असं सांगत. लीलाबाई पुन्हा दुसऱ्या पायरीवर चढल्या. त्या सकाळी त्यांनी चाचणीचा एकच पेपर तपासायला मागितला. यज्ञेश्वररावांनी खिडकीची एक फळी उघडून दिली आणि बाजूला बसले.

लीलाबाईंनी पेपर शेवटपर्यंत तपासला आणि गुणांची बेरीज करायला घेतली. मग त्या थांबल्या. पेन तसंच हवेत राहिलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "सतरा आणि आठ किती?"

यज्ञेश्वररावांना आधी वाटलं, आपली परीक्षा घेते आहे. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. दोन आकडी गुणाकार भाजीवालीसमोर तोंडी करणारी ही बाई, तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"पंचवीस," ते म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

"मला येतं ते. मला माहितीये की मला येतं. फक्त सापडत नाहीये." तिनं पेपर उलटा ठेवला. "सापडलंच नाही तर ओ?"

यज्ञेश्वररावांनी तिच्या हातातलं पेन काढून ठेवलं. त्यांनी तिचा हात धरला. कपाटाच्या दाराबद्दल शनिवारपासून ते एक शब्द बोलले नव्हते. "दार मी उघडं ठेवलं होतं," ते म्हणाले.

"मग दुसरं कोण ठेवणार?" ती म्हणाली, आणि रडता रडता थोडीशी हसली. "झोपते मी. तासभर कुणी बोलू नका."

ती झोपली, आणि नळाला पाणी आलं.

पाच दिवसांतून एकदा येणारं पाणी आलं की गल्ली काय करते हे वेगळं सांगायला नको. बावीस घरांच्या बावीस मोटारी एकदम सुरू झाल्या. बादल्या, घागरी, टिपं अंगणात आली. कुणाचा पाइप निसटला, कुणाची टाकी वाहिली, कुणी कुणाच्या नावानं ओरडलं. अण्णा सगळं वचन विसरून अंगणात उभे राहिले आणि गच्चीवरच्या अक्षताला विचारू लागले, "भरली काऽऽ? अक्षताऽऽ, भरली काऽऽ?" ती दोन्ही हात हलवून 'भरली' सांगत होती, ते त्यांना 'चालू ठेव' वाटत होतं, आणि गच्चीवरून करकंबकरांच्या पत्र्यावर पाण्याचा धबधबा कोसळत होता.

यज्ञेश्वररावांच्या आत काहीतरी तुटलं. सव्वीस वर्षं न वापरलेला आवाज, चौपन्न वर्षांचा म्हटला तरी चालेल, त्यांनी एका दमात बाहेर काढला. ते बनियनवर फाटकाबाहेर आले, रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि ओरडले,

"गप्प बसाऽऽऽ! सगळेऽऽऽ!"

समोरच्या शेवग्यावरचे कावळे उडाले. एका घरातलं तान्हं मूल रडायचं थांबलं. बावीस मोटारी एकेक करत बंद पडल्या. गल्लीच्या इतिहासात नळ चालू असताना अशी शांतता कधी झाली नव्हती. ती पसरलेली असताना मागून, घराच्या आतून, अगदी क्षीण आवाज आला.

"अहो... पहिली पायरी."

यज्ञेश्वरराव तिथेच रस्त्यावर बसले. स्वतःचीच बायको स्वतःच ओरडून खाली आणली होती.

तेवढ्यात गल्लीत एक रिक्षा शिरली. तिच्यातून इरकल नेसलेली, सत्तरीची एक बाई उतरली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात शेंगांचं गाठोडं. ओल्या, गप्प उभ्या गल्लीकडे तिनं शांतपणे पाहिलं.

"करकंबकर साहेब कोण?" ती म्हणाली. "मला बोलवलं म्हणं. फोनवर गुरुशांता लई ओरडालता, एवढंच कळलं. मी शांतव्वा."

समोरच्या गच्चीवरच्या दोघींनी कठड्यावर कोपरं टेकली.

शांतव्वांचा आवाज रवा चाळावा तसा मऊ होता. त्यांना सगळी हकीकत अक्षतानं सांगितली, आणि बोका ते शांता हा प्रवास ऐकताना त्यांनी पदर तोंडात धरला. मग त्या अण्णांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि एक अक्षरही न बोलता त्यांनी हात हलवायला सुरुवात केली. कपाळाला बोट लावलं, मूठ आपटली, कानांवर पंजे झाकले, करकंबकरांच्या खिडकीकडे मान वळवली. त्यांचे दिवंगत यजमानही मागावरचेच होते. मागांच्या खडखडाटात कामगार एकमेकांशी असेच बोलत, आणि घरी येऊन बायकांशीही.

अण्णांनी डोक्याला हात लावला. "आवाजानं एवढं दुखतंय व्हय? मला वाटलं, नुसती झोप मोडती!" ते यज्ञेश्वररावांकडे वळले. "साहेब, मग नीट सांगायचं न्हाय का ओ? तुमी नुसतं ओरडत बसलासा!"



शांतव्वा देवघरात गेल्या. मशीनची डबी उचलली, तिच्यावरचं कुंकू पदरानं पुसलं, देवाला नमस्कार केला आणि दिराचा कान धरला. त्यांच्या हातून सुटायची अण्णांची प्राज्ञा नव्हती. मशीन कानात गेलं. अक्षतानं बटण दाबलं.

अण्णा ताठ झाले. त्यांचे डोळे मोठे झाले. "हे काय घसघसतंय?"

"पंखा, मामा."

"आनि हे कटकट?"

"पाल."

"पाल बोलती?" ते दोन पावलं मागे सरले आणि स्वतःच्या चपलांच्या आवाजानं दचकून पुन्हा पुढे आले. "अय्यो! एवढ्या मोट्यानं कोन ओरडतंय ओ?"

"तुम्हीच," शांतव्वा म्हणाल्या.

अण्णांनी तोंडावर हात ठेवला.  मग बोटांच्या फटीतून त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं, "रोज असाच बोलत हुतो?"

कुणीच उत्तर दिलं नाही. ते अण्णांनी ऐकलं.

पुढच्या आठवड्यात त्या गल्लीत जे झालं त्याला यज्ञेश्वरराव 'राष्ट्रपती राजवट' म्हणत. अण्णांना आता चमच्याचा आवाज सहन होत नव्हता. मशीनवाल्यानं फोनवर सांगितलं होतं, सवय व्हायला महिना लागेल, सुरुवातीला शांत ठिकाणी बसा. आणि शांत ठिकाण सगळ्या जुळे सोलापूरमध्ये एकच होतं. सकाळी नऊला अण्णा अनवाणी पायांनी करकंबकरांच्या अंधाऱ्या खोलीत येत आणि लीलाबाईंच्या खाटेपासून हातभर अंतरावर खुर्ची घेऊन बसत. दोघंही डोळे मिटून कुजबुजत.

"बाई, ते काय वाजलं?"

"कढीपत्ता. फोडणीत."

"लई वाजतो."

"मला कालपासून खुपतोय."

"साहेबाला सांगू?"

मग यज्ञेश्वररावांना बोलावणं येई. कढीपत्ता बंद झाला. शेंगांची चटणी शांतव्वा गच्चीवर जाऊन, उखळाखाली जुनी चादर घालून कुटू लागल्या. मोटारी पाळीपाळीनं लावायचं वेळापत्रक लीलाबाईंनी डोळे मिटून तोंडी केलं, अण्णांनी ते कुजबुजत घरोघर कळवलं, आणि करकंबकर साहेब पुन्हा रस्त्यावर येतील या धाकानं ते पाळलंही गेलं. अण्णा लीलाबाईंना मागाचे हिशेब घालत. एका इंचात इतके धागे, टॉवेल इतका रुंद, तर एकूण धागे किती? पहिल्या दिवशी त्यांना ते जमलं नाही. दुसऱ्या दिवशी चार मिनिटं लागली. चौथ्या दिवशी अण्णांचा प्रश्न संपायच्या आत उत्तर आलं आणि वर "तुमचं काठाचं माप चुकतंय" हेही.

दुसरी पायरी, तिसरी पायरी. सोमवार हुकला, पण त्याच्या पुढच्या गुरुवारी डॉक्टर प्रियदर्शनींनी उभं राहून परवानगी दिली. अर्धा दिवस. हळू बोलायचं. त्रास झाला की लगेच घरी.

शाळेत यज्ञेश्वररावही गेले. गोळी, पाण्याची बाटली आणि काळा चष्मा घेऊन ते वर्गाबाहेरच्या खिडकीशी उभे राहिले. अण्णा म्हणाले, मी बी येतो, आणि खाली फाटकाजवळ रिक्षात बसले.

लीलाबाई फळ्यापाशी गेल्या आणि कुजबुजल्या, "वर्तुळ."

दहावी 'ब' हा शाळेतला सर्वांत आडदांड वर्ग. बाईंच्या आवाजाखाली त्यांच्या गप्पा आजवर बिनबोभाट चालत. आता बाईंचा आवाजच नव्हता, तर गप्पा झाकायच्या कशाखाली? एक जण बोलला तर अठ्ठेचाळीस जणांना ऐकू जात होतं. दोन मिनिटांत वर्ग गप्प झाला. पाच मिनिटांत मागच्या बाकावरची मुलं बाक उचलून, पाय न वाजवता पुढे सरकली. लीलाबाई जितक्या हळू बोलत तितक्या माना पुढे येत. स्पर्शिका-छेदिका प्रमेय शेवटच्या बाकापर्यंत समजलं, असं त्या वर्गात पहिल्यांदाच घडत होतं.

अडचण एवढीच, की खाली मुख्याध्यापकांना दुसऱ्या मजल्यावरून काहीच ऐकू येईना. लीलाबाई हजर आणि सूत्र ऐकू येत नाही, हे त्यांच्या कारकिर्दीत झालं नव्हतं. बाईंना बरं वाटेनासं होऊन त्या परत गेल्या असणार आणि 'ब' वर्ग वाऱ्यावर असणार, असा त्यांनी सरळ निष्कर्ष काढला आणि खेळाच्या सरांना वर पाठवलं. सरांनी जिन्यातच शिट्टी तोंडात धरली, दार ढकललं आणि शिट्टी फुंकून, ती दातांत तशीच धरून ओरडले, "ए! कोण दंगा करतंय?"

अठ्ठेचाळीस पोरांनी एकदम माना वळवल्या.

"शूऽऽऽऽऽऽऽ!"

तो आवाज एखाद्या बॉयलरची वाफ सुटावी तसा होता. खिडकीची तावदानं थरथरली. सरांच्या तोंडातली शिट्टी गळ्यातल्या दोरीवर आली. आणि मग आपण काय केलं हे वर्गाच्या लक्षात आलं. सगळे बाईंकडे वळले. यज्ञेश्वररावांनी खिडकीतून हात आत घातला, त्यात गोळी होती.

लीलाबाई खडू धरून निश्चल उभ्या होत्या. डोळे मिटलेले. नेहमी आधी कानामागे एक ठणका यायचा, मग खोली फिरायची. त्या वाट पाहत होत्या. वर्ग वाट पाहत होता. खेळाचे सर, त्यांना काहीच माहीत नसताना, तेही वाट पाहू लागले.

ठणका आला नाही.

त्यांनी एक डोळा उघडला. खोली जागेवर होती. दुसरा उघडला. खिडकीत गोळी धरलेला नवरा, दारात तोंड उघडं टाकून उभे असलेले सर, आणि समोर श्वास रोखून गोठलेली अठ्ठेचाळीस पोरं. लीलाबाईंना आधी बारीक हसू आलं, मग ते आवरेना, आणि मग त्या टेबलाला धरून अशा खळखळून हसल्या, की वर्गही सुटला, सरही सुटले आणि यज्ञेश्वररावांच्या हातातली गोळी तीन बाक ओलांडून गेली. हसून हसून त्यांनी डोळे पुसले. डोकं दुखत नव्हतं. अजिबात नव्हतं.

"हं!" त्या म्हणाल्या, आणि तो आवाज दुसऱ्या मजल्यावरून निघाला, जिना उतरला, मुख्याध्यापकांच्या केबिनमधून गेला आणि सायकल स्टँड ओलांडून फाटकापर्यंत आला. "पुढचं प्रमेय!"

खाली रिक्षात गुरुशांतअण्णा दचकून उभे राहिले, त्यांचं डोकं टपाला लागलं. त्यांनी वर पाहून समाधानानं मान डोलावली, कानातलं मशीन काढलं, हलकेच डबीत ठेवलं आणि डबी खिशात घातली.